सात दिवसांची मुदत

सात दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर ठराव मंजूर, हा नियम सर्जेराव गुरुजींनी स्वतः लिहिला होता. एवढ्याशा वाक्यासाठी त्यांनी दोन दुपारी घालवल्या होत्या आणि लिहून झाल्यावर ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

त्यालाही कारण होतं. गुरुजी निवृत्तीनंतर इंदापुरात राहायला आले, तरी शेळगावच्या शिवारात त्यांची थोडी जमीन होती आणि त्या जमिनीमुळे ते तिथल्या एका पाणी संस्थेचे सभासद होते. वर्षातून एकदा संस्थेची सभा व्हायची. मंडपात पहिल्या दोन रांगांत ठरलेली माणसं बसायची. अध्यक्षांनी विषय वाचायला घेतला की वाक्य पुरं व्हायच्या आत तिथून आरोळी उठायची, "मंजूर! मंजूर!" मागे कुणी हात वर केला असला तर तो वरच राहायचा आणि सभा पुढच्या विषयावर गेलेली असायची. एकवीस वर्षं गुरुजींनी मागे बसून हे पाहिलं होतं. घरी आल्यावर ते बायकोला, चंद्राबाईंना, म्हणायचे, "ओरडेल त्याचं राज्य आहे सगळं."

"मग तुमी बी वरडायचं की," चंद्राबाई भाकरी वाढत म्हणायच्या. "पर तुमाला वर्गातसुदिक कदी वरडाय आलं न्हाय. तितं काय वरडताय!"

म्हणून 'उजळणी'साठी नियम करायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी मनाशी ठरवलं, इथे आरोळी नको. ज्याला काही सुचवायचं असेल त्यानं ते इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशा पानावर लिहावं. बाकीच्यांनी सात दिवस निवांत वाचावं. पटलं नाही तर खाली हरकत लिहावी. कुणीच काही लिहिलं नाही तर काम पुढे न्यावं.

सौरभला हे ऐकून गंमत वाटली होती. "गुरुजी, जगातले मोठमोठे ओपन सोर्स प्रकल्प असेच चालतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पाणी संस्थेनं," गुरुजी म्हणाले होते.

'उजळणी' म्हणजे पहिली ते चौथीच्या मुलांचं गणिताचं सॉफ्टवेअर. फोनमध्ये टाकायचं आणि इंटरनेटशिवाय चालवायचं. सौरभ हा गुरुजींचाच शेळगावच्या शाळेतला विद्यार्थी. बारामतीत राहून तो कारखान्यांना लागणारी सॉफ्टवेअर लिहायचा. गुरुजी वर्गात जशी शेतातली, बाजारातली गणितं घालायचे तशी त्यानं ती फोनमध्ये उतरवली होती. फोन गणित बोलून सांगायचा. मुलानं उत्तर दाबलं आणि ते चुकलं, तर फोन "चूक" म्हणायचा नाही. "चल, परत एकदा मोजू," म्हणायचा. हे वाक्य गुरुजींचं. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, आतला कोडही कुणी बघावा, घ्यावा, बदलावा, असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. त्यामुळे करमाळ्याच्या एका शिक्षकानं त्यात आपल्याकडची गणितं घातली, नंदुरबारच्या कुणी ते तिकडच्या बोलीत केलं. मदत करणारे पुष्कळ होते. पण ठराव करायचा अधिकार चौघांनाच होता. गुरुजी आणि सौरभ हे दोघं. तिसरी राजेश्वरी. ती वालचंदनगरच्या वसाहतीत वाढलेली, तिथेच चित्रकला शिकवणारी. 'उजळणी'तली डाळिंबं, शेळ्या, बैलगाड्या सगळ्या तिच्या हातच्या. आणि चौथी स्वप्नाली.

स्वप्नालीच्या कामाला नाव नव्हतं. तीही गुरुजींची विद्यार्थिनी, बी. एस्सी. झालेली, आणि शेळगावातच एका डाळिंब-भाजीपाल्याच्या घरात दिलेली. 'उजळणी' उघडली की पहिल्याच पडद्यावर खाली एक फोन नंबर दिसायचा. काही अडलं तर या नंबरवर विचारा. तो नंबर तिचा होता. दुपारी दोन ते पाच आया, शिक्षिका, कधी आजोबा तिला फोन करायचे. आवाज येत नाही, पडदा हलत नाही, पोरगं रडतंय. ती एकेकाचं ऐकून घ्यायची, सोडवायची आणि जे सुटायचं नाही ते नीट लिहून सौरभला पाठवायची. तिच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. त्यात नात्यागोत्यातून गोळा केलेले नऊ जुने फोन होते, एकाची काच तडकलेली, एकाची पाठ रबरानं बांधलेली. नवी आवृत्ती आली की ती बाहेर जाण्याआधी स्वप्नाली या नऊच्या नऊ फोनांवर चालवून बघायची. रबरवाला फोन वर धरून म्हणायची, "हा माझ्या नणंदंचा. ह्याच्यात चाललं म्हंजी जगात कुठंबी चालंल."

हे ती चार वर्षं करत होती. आणि चार वर्षांत हे काम आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. गुरुजी म्हणायचे, "स्वप्नालीला पोरांची माया आहे."

मग पैसे आले. पुण्यातल्या एका देणगी देणाऱ्या संस्थेनं 'उजळणी' पाहिली आणि वर्षाला पाच लाख द्यायचं कळवलं. कसे खर्च करायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त ठरवल्याचा कागद पाठवा, एवढीच अट.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी चौघं बारामतीला सौरभच्या घरी जमले. पोहे झाले, चहा झाला. सौरभ मुद्द्यावर आला.

"खरं सांगू का गुरुजी, आता हे रविवारी रविवारी बसून होणारं काम राहिलं नाही. आतला कोड जुना झालाय. नवी आवृत्ती मुळापासून लिहायला लागणार. मी बाहेरची दोन कामं सोडली आणि आठवड्यातले तीन दिवस याला दिले तर जूनपर्यंत पहिली आवृत्ती बाहेर काढता येईल आणि वर्षात सगळं पुरं होईल. पण मग घर चालायला पाहिजे."

"किती?"

"महिन्याला चाळीस हजार. बाहेर याच कामाचे दुप्पट मिळतात." तो ओशाळला. "मला मागायला बरं वाटत नाही."

"त्यात काय वाटायचं? काम आहे ते," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात स्वप्नालीचा फोन वाजला. तिनं नंबर पाहिला, "आलेच," म्हणत उठली आणि गॅलरीत गेली. काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती. एका हातानं कानाला फोन, दुसऱ्या हातानं हवेत बोट फिरवून ती पलीकडच्या बाईला काहीतरी दाखवत होती, जणू त्या बाईला ते बोट दिसणार होतं.

"चाळीस गुणिले बारा, चार लाख ऐंशी," राजेश्वरी म्हणाली. "राहिले वीस हजार. ते सर्व्हरला. आणि तक्रारींचं काय?"

"ते स्वप्नाली बघते की," गुरुजी म्हणाले.

"म्हणूनच विचारते."

"तिचं काही म्हणणं असेल तर ती सांगेल. सात दिवस आहेतच."

"गुरुजी," सौरभ हळूच म्हणाला, "ठराव तुमच्या नावानं टाकाल का? मीच मांडला आणि मलाच पैसे, असं नको दिसायला."

गुरुजींना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट पोराला संकोच आहे याचं बरं वाटलं.

वीस मिनिटांनी स्वप्नाली हसत आत आली. "त्या बाईच्या फोनात जागाच न्हवती! फोटो पुसाय लावले. पुसतीया आन रडतीया. म्हनलं, ताई, लेकीच्या लग्नाचे ऱ्हाऊ द्या, बाकीचे पुसा." मग खुर्चीवर टेकत तिनं विचारलं, "काय ठरलं?"

"ठरतंय. पानावर टाकतो, बघ," गुरुजी म्हणाले.

"बगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ठराव लिहिला. वर ठळक अक्षरांत, ठराव मांडणार: सर्जेराव गुरुजी. खाली पाच लाखांची मांडणी. शेवटी मुदतीची तारीख.

राजेश्वरीनं दुसऱ्याच दिवशी खाली लिहिलं, 'नवी आवृत्ती हवीच. पण तक्रारी बघणाऱ्या माणसासाठी यात काहीच नाही, हे बरोबर आहे का?' त्याला कुणी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी गुरुजी पुन्हा ते पान वाचत बसले होते. चंद्राबाई शेंगा निवडत होत्या.

"स्वप्नाली काय म्हनली?"

"काही नाही."

"मग फोन लावा की तिला."

"तसं नसतं," गुरुजींनी समजावलं. "मी फोन केला तर तिच्यावर दबाव येईल. गुरुजी विचारतायत म्हणून ती हो म्हणेल. म्हणून तर लिहायचा नियम केला. ज्याला जे वाटतं ते त्यानं मोकळेपणानं लिहावं."

"लेकीबाळीला लिवायचं सोप्पं आसतं व्हय!" एवढंच म्हणून चंद्राबाईंनी सूप झटकलं.

गुरुजींनी राजेश्वरीच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, 'स्वप्नालीची काही हरकत दिसत नाही.' सातवा दिवस गेला. आठव्या दिवशी त्यांनी ठरावापुढे 'मंजूर' असं लिहिलं आणि तो पुण्याला पाठवून दिला.

फेब्रुवारीत स्वप्नालीचा निरोप आला. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत तिला दूध तपासणीच्या विभागात नोकरी लागली होती. सकाळची पाळी, त्यामुळे आता फोन घ्यायला जमणार नाही. नंबर बदलावा लागेल. शेवटची ओळ होती, 'फोनांचा डबा कधी न्यायला येताय?'

गुरुजींना मनापासून आनंद झाला. पोरगी शिकल्याचं चीज झालं. त्यांनी लिहिलं, 'अभिनंदन बाळ! नंबर माझा टाकू. डबा सवडीनं नेतो.'

सवड काही झाली नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या बेताला नवी आवृत्ती बाहेर पडली. दिसायला देखणी होती. राजेश्वरीची चित्रं त्यात हलत होती, शेळी शेपूट उडवत होती. गुरुजींनी आपल्या फोनवर ती पाहिली आणि सौरभला शाबासकी दिली. तिसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन वाजायला लागला.

"आवो, ते गनिताचं उघडतं आन मरतंय."

"मरतं म्हणजे? पडद्यावर काय दिसतं?"

"काळं."

"काळं म्हणजे कसं?"

"काळं म्हंजी काळंच की वो! म्हशीवानी!"

गुरुजी धीराचा माणूस. तिसरीतल्या मुलाला हातचा समजेपर्यंत दिवस घालवणारा. पण इथे धीर पुरत नव्हता. कुठलं बटण, कुठला फोन, आतली जागा कशी बघायची, त्यांना काही ठाऊक नव्हतं. एकेका फोनला पाऊण तास जायचा आणि शेवटी ते म्हणायचे, "मी विचारून सांगतो." विचारायचे ते सौरभला. सौरभ चार दिवस मान खाली घालून बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की नव्या आवृत्तीला जेवढी जागा लागते तेवढी जुन्या फोनांत नसतेच.

"बाहेर सोडण्याआधी चालवून बघितली होतीस ना?"

"तीन फोनांवर बघितली गुरुजी."

"कुठल्या?"

"माझा, बायकोचा," सौरभचा आवाज बारीक झाला, "आणि ऑफिसचा."

जुलैत करमाळ्याच्या त्या शिक्षकाचा फोन आला. तो मर्यादेनं बोलला. "गुरुजी, आम्ही 'उजळणी' काढून टाकली. पोरं उत्तर दाबायची आणि पडदा काळा व्हायचा. दोघी-तिघी रडायला लागल्या, त्यांना वाटलं आपलं चुकलं म्हणून झालं. आधी ताई असायच्या फोनवर, तेव्हा असं व्हायचं नाही."

आपलं चुकलं म्हणून झालं. हे वाक्य गुरुजींच्या मनातून दोन दिवस हललं नाही. मुलाला असं कधी वाटू नये म्हणून त्यांनी आयुष्य घातलं होतं.

त्याच आठवड्यात राजेश्वरीचा फोन आला. ती जुनी चित्रं परत लावायची म्हणून पानांचे जुने मसुदे उघडून बघत होती. 'उजळणी'त एखादं पान कुणी बदललं तर आधीचं पुसलं जात नाही, मागे जपून राहतं; ठरावाखालचं लिखाण तर अर्ध्यावर असतानाही आपोआप जपलं जातं.

"गुरुजी, जानेवारीतल्या ठरावाच्या पानाचा इतिहास उघडा. तिसरा दिवस. सव्वाचारची वेळ."

"काय आहे?"

"तुम्ही बघा."

गुरुजींनी चष्मा पुसला आणि उघडलं. तिसऱ्या दिवशी चार वाजून अकरा मिनिटांनी स्वप्नालीनं ठरावाखाली लिहिलं होतं:

'माझं एक म्हणणं आहे. नव्या आवृत्तीला माझा विरोध नाही. पण तक्रारींच्या कामाला रोज तीन तास जातात. त्यासाठी महिन्याला सहा हजार ठेवता आले, तर मला घरी सांगता येईल की'

वाक्य तिथेच थांबलं होतं. चार वाजून पंधरा मिनिटांनी तिनंच ते काढून टाकलं होतं. चार मिनिटं ते पानावर होतं. आणि त्यानंतर दोन दिवसांनी त्याच जागी गुरुजींनी लिहिलं होतं, 'स्वप्नालीची काही हरकत दिसत नाही.'

दुसऱ्या दिवशी गुरुजी एसटीनं बारामतीला गेले. स्टँडवरून रिक्षा करून एमआयडीसीत त्या डेअरीच्या फाटकासमोर उतरले तेव्हा अडीच वाजले होते. तीनला पाळी सुटली. आधी मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडला, मग पायी येणारी माणसं. स्वप्नाली चार जणींबरोबर बोलत येत होती. केस टोपीनं दबलेले, गळ्यात ओळखपत्र. गुरुजींना पाहून ती धावतच आली.

"गुरुजी! तुमी हितं? कुनाला भेटाय आला?"

"तुलाच."

"घरी बाई बऱ्या हायेत न्हवं?"

"बऱ्या आहेत. चहा घेऊ या का?"

"गाडी सुटायला वीस मिन्टं हायेत. चला."

टपरीच्या बाकड्यावर दोघं बसली. गुरुजी इकडतिकडचं काही बोलले नाहीत. थेट म्हणाले, "तू लिहिलेलं मी काल वाचलं. जानेवारीतलं."

तिला आधी कळलं नाही. मग ती हसली आणि लाजलीही. "अगं बाई! ते दिसतंय व्हय अजून? मला वाटलं, पुसलं म्हंजी गेलं."

"का पुसलंस?"

तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "वर तुमचं नाव व्हतं. ठळक अक्षरात. त्याच्या खाली माझं नाव आन हरकत. ते तसं दिसाय लागल्यावर मलाच कसंतरी झालं. जगाला दिसतं ते पान. शिवाय पैशाचं व्हतं. चार वर्सं फुकाट केलं तवर काय न्हाय, आन पैसा दिसल्याबरूबर हिला तोंड फुटलं, असं वाटलं असतं."

"कुणाला वाटलं असतं?"

"कुनालाबी न्हाय, आता कळतंय. तवा वाटलं."

कप खाली ठेवून ती म्हणाली, "सासूबाई रोज इचारायच्या, ह्या फोनाचं तुला काय मिळतं म्हनून. मी सांगितलं व्हतं, औंदा मिळंल, संस्थेकडनं पैसं येनार हायेत. मग तुमचा ठराव बघितला. घरी काय सांगू? तवाच हितला अर्ज भरला."

"मी तुला फोन करणार होतो," गुरुजी म्हणाले. "दबाव नको म्हणून केला नाही."

स्वप्नालीनं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. राग असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं.

"शाळेत तुमी कदी सगळ्या वर्गाला इचारलं न्हाय, समजलं का म्हनून," ती म्हणाली. "दुसरे गुरुजी इचारायचे. पोरं एका सुरात व्हय म्हनायची, की पान पलटलं. तुमी एकेकाम्होरं येऊन उकिडवं बसायचा. मला तिसरीत भागाकार येत न्हवता, आठ दिस रोज येऊन बसला. मी आपली गप. तुमी म्हनायचा, गप हाईस म्हंजी आलं न्हाय, चल परत." ती किंचित हसली. "त्या सात दिसांत मला वाटायचं, आता येतील. आता इचारतील."

गुरुजींच्या हातातला चहा तसाच निवला. समोरून मोटारसायकली जात होत्या. त्यांना बरंच काही बोलायचं होतं, पण जे ओठांवर येत होतं ते सगळं स्वतःची बाजू मांडणारं होतं, म्हणून ते बोलले नाहीत.

"डबा आहे का अजून?" त्यांनी शेवटी विचारलं.

"न्हाय. चार म्हयनं वाट बगितली. मग सासूबाईनं भंगारवाल्याला दिला."

"बरं." गुरुजी सावरून बसले. "हे बघ, संस्था दुसऱ्या वर्षीपण पैसे देईल असं दिसतंय. या वेळी आधी तक्रारींचं काम. महिन्याला दहा हजार. तू परत ये. पोरांना तुझी गरज आहे."

"न्हाय, गुरुजी."

ती चटकन म्हणाली.

"हितं तेरा हजार देत्यात. पीएफ कापत्यात, गाडी न्यायला येती," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आन दुसरं म्हंजी, टँकर आला की आमी दूध तपासतो. शंका आली की सायेब इचारतो, स्वप्नाली, तुला काय वाटतं? मी म्हनलं परत पाठवा, की टँकर परत जातो. आख्खा टँकर. पैल्यांदा तीनदा तपासून मग म्हनलं. आता एकदाच तपासते."

फाटकापाशी कंपनीच्या गाडीनं हॉर्न दिला. स्वप्नाली उठली. चहाचे पैसे तिनं आधीच दिले होते. निघता निघता ती परत वळली.

"एक करा गुरुजी. त्या चौघांच्या यादीतनं माझं नाव काढा. मला आता बगाय सवड नसती. आन मी गप बसले की तुमी ते व्हय धरताय."

ती वाकून पाया पडली आणि पळत जाऊन गाडीत चढली.

इंदापूरला घरी पोचल्यावर चंद्राबाईंनी विचारलं, "येती का परत?" गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. चंद्राबाईंनी पाणी आणून दिलं. त्या आणखी काही बोलल्या नाहीत, याचं गुरुजींना बरं वाटलं आणि वाईटही.

ते यादीचं पान उघडून बसले. चार नावं. चौथ्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते पुसलं. बदल जपून ठेवण्याआधी पानानं नेहमीसारखं विचारलं, बदलाचं कारण लिहा. बाकीचे लोक तिथे दोन शब्द टाकून मोकळे होतात. गुरुजींनी आधी लिहिलं, 'नोकरीमुळे.' ते पुसलं. 'तिच्या विनंतीवरून.' खोटं नव्हतं ते. तेही पुसलं. मग सावकाश एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'जानेवारीतल्या ठरावाच्या वेळी मी तिला विचारलं नाही.' खाली स्वतःचं नाव घातलं आणि बदल जपून ठेवला.

पाच मिनिटांत सौरभचा फोन आला.

"गुरुजी, कारणात हे काय लिहिलंत? 'वैयक्तिक अडचण' असं करू का मी? बाहेरचे लोक बघतात. पुण्याची संस्थाही बघेल, आणि दुसऱ्या वर्षाच्या पैशांचं अजून व्हायचंय."

"अडचण तिची नव्हती, सौरभ."

"ते खरंय, पण..."

"पण काय?"

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दार लावलं.

"तुझं काय म्हणणं आहे ते सांग," गुरुजी म्हणाले. "पैशांबद्दल, ठरावाबद्दल, माझ्याबद्दल, काहीही. मी ऐकतोय."

बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही. गुरुजींनी फोन ठेवला नाही.